सैनिकांच्या तालबद्ध पावलांनी पूल कोसळतो का?

‘सैनिक एका तालात चालले की भक्कम पूलही कोसळतो’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. पुलाच्या नैसर्गिक आंदोलनाशी, म्हणजे तो धक्का लागल्यावर आपोआप ज्या गतीने हलतो तिच्याशी, ही गती जुळली, तर झोपाळ्याला योग्य वेळी धक्के द्यावेत तसे हेलकावे वाढतात. हे हलक्या झुलत्या पुलांवर संभवते. जड दगडी कमानीवर जवळपास नाहीच.

१८३१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटनचा झुलता पूल ७४ सैनिक तालात चालत असताना पडला. जीवितहानी झाली नाही. तपासात साखळीचा एक बोल्ट सदोष घडवलेला आढळला.

फ्रान्समधील आँजेची १८५० ची दुर्घटना फार भीषण होती, दोनशेहून अधिक बळी गेले. हिचेच उदाहरण संदेशात सर्रास देतात, आणि तिथेच गफलत होते. त्या सैनिकांना ताल मोडून चालण्याचाच हुकूम होता! वादळी वाऱ्याने पूल आधीच हलत होता, तोल सावरताना पावले आपोआप जुळत गेली. शिवाय पूल पेलणाऱ्या तारा जिथे टोकाला पक्क्या रोवलेल्या होत्या, तिथे त्या गंजल्या होत्या.

म्हणून असा दावा आला की तीन गोष्टी पाहाव्यात: पूल कोणत्या प्रकारचा होता, हवा कशी होती, चौकशीत कोणता भाग तुटलेला आढळला.