लहान शहरांचा पायाभूत निधी (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील वाढत्या शहरांत रस्ते, नळपाणी, गटारे, पथदिवे आणि कचरा उचल यांसाठी लागणारा पैसा उभा करण्याची व्यवस्था. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) गेला आणि १९६४ च्या नगरपालिका अधिनियमाखाली येथील नगरसंस्था आल्या. साधारणपणे १० ते २० हजार वस्तीला पट्टण पंचायत, ५० हजारांपर्यंत पुरसभा, त्यापुढे नगरसभा अशी श्रेणी असते. खानापूर पट्टण पंचायत, संकेश्वर पुरसभा, निपाणी नगरसभा. मराठी बोलण्यात मात्र तिन्हींना ‘नगरपालिका’च म्हणतात.

स्वतःचे उत्पन्न. १९७९ मध्ये राज्यात जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, बंद झाली आणि भरपाई बेंगळुरूहून अनुदानरूपाने येऊ लागली. ही घटना वाटते त्याहून मोठी आहे. पेठेत माल वाढला की गावाची तिजोरी वाढायची, तो धागाच तुटला. निपाणीची तंबाखूची पेठ किंवा संकेश्वरचा मिरचीचा बाजार कितीही फुलला, तरी त्या उलाढालीचा वाटा गावच्या गटारापर्यंत थेट पोहोचत नाही. उरली घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचे भाडे आणि आठवडा बाजाराचा लिलाव. २००२ पासून घरपट्टीची आकारणी मालक स्वतःच करून चलन भरतो. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट मिळते. त्याच बिलात ग्रंथालय आणि भिकारी-निवारण उपकर असतात, पण ते पैसे नगरसंस्थेच्या हाती राहत नाहीत.

शहराची कड. खरी अडचण येथे आहे. शेत बिगरशेती न करता, आराखडा मंजूर न घेता पाडलेल्या प्लॉटांवर घरे उभी राहतात. रस्ता किती रुंद, गटार कुठे उतरणार, हे कोणी ठरवलेले नसते. कागद अपुरे म्हणून घराची नीट नोंद होत नाही आणि नोंद नाही म्हणून पट्टी नाही. पाणी आणि दिवा मात्र त्या घरालाही लागतो, आणि तो मागण्याचा त्याचा हक्कही आहे. २०२५ मध्ये राज्याने अशा मिळकतींना ‘बी-खाता’ (अनधिकृत मिळकतींची वेगळी कर-नोंद) देऊन करकक्षेत आणण्याची मोहीम काढली. पण वस्ती हद्दीबाहेर सरकली, तर ती ग्रामपंचायतीत मोडते. रोज शहराचा रस्ता वापरणाऱ्याची पट्टी मग दुसऱ्याच कचेरीत जमा होते.

अनुदान आणि कर्ज. मोठी कामे राज्य वित्त आयोगाचा वाटा, राज्याची नगरोत्थान योजना आणि केंद्राच्या निधीतून होतात. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात लहान शहरांचा ६० टक्के हिस्सा पाणी, स्वच्छता अशा ठरावीक कामांना बांधलेला होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत सर्वच शहरांना नळजोडणीसाठी वाव मिळाला. कर्जरोख्यांचा मार्गही राज्यात वापरला गेला: २००५ मध्ये आठ नगरसंस्थांना एकत्र बांधून १०० कोटी रुपये उभारले. त्या आठही बेंगळुरूभोवतालच्या होत्या.

टाकी, पंप आणि जलवाहिनी अनुदानातून उभी राहते. पंपाचे वीजबिल, गळती आणि वॉटरमनचा पगार गावावर पडतो. म्हणून योजनेच्या उद्घाटनापेक्षा तिच्या दहाव्या वर्षीचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे, आणि तोच फार कमी विचारला जातो.

हिशेब आणि भाषा. नगरसंस्थांचा कारभार कन्नडमध्ये चालतो. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राचे धोरण आहे. खानापूर, निपाणीत मराठी वस्ती त्याहून कितीतरी अधिक आहे. पट्टीची नोटीस आणि वार्षिक अर्थसंकल्प कन्नडसोबत मराठीत निघाले, तर आपल्या वॉर्डात काय मंजूर झाले हे पट्टी भरणाऱ्या वृद्ध बाईलाही वाचता येईल.