ऑपरेशनआधी तीनदा नाव विचारतात, म्हणजे गोंधळ आहे?

सिडको असो की पंचवटी, नाशिकचे नातेवाईक हमखास कुरकुरतात: "नाव, कुठली बाजू, किती वेळा विचारणार? फाइल वाचत नाहीत का?"

उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशन-सुरक्षेची १९ मुद्द्यांची यादी टीमला तीनदा थांबवते: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत दिलं का, गॉज (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजले का, हेही त्यात येतं. २००९ च्या आठ रुग्णालयांच्या अभ्यासात ही यादी वापरल्यावर मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. त्यात दिल्लीही होती.

नुसत्या टिका मारल्या तर उपयोग शून्य. "तुम्ही पाटीलच ना?" यावर गुंगीतला पेशंट कुणालाही "हो" म्हणतो. म्हणून "तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच विचारायचं.