इंग्लिश मस्टर्ड पावडर: डबा उघडण्याआधी एवढं वाचाच

आमच्याकडून मस्टर्ड पावडर पहिल्यांदा नेली की बऱ्याच जणांचा फोन येतो, अहो हिला काही झणकाच नाही, नुसती कडवट पिवळी भुकटी लागतेय. पावडर चांगली आहे, काळजी करू नका. झणका डब्यात नसतोच, तो पाणी घातल्यावर तुमच्या वाटीत तयार होतो, आणि तयार मस्टर्डच्या बाटल्या सगळीकडे मिळत असूनही इंग्लंडमध्ये हा कोरडा डबा अजून विकला जातो त्याचं मोठं कारण आमच्या मते हेच.

होतं काय, तर मोहरीच्या दाण्यात झणक्याचा कच्चा माल आणि त्याच्यावर काम करणारं एन्झाइम वेगवेगळं असतं. दळलं तरी कोरडं आहे तोवर काही घडत नाही, ओलावा लागला की काम सुरू. म्हणून एक चमचा पावडर, साधारण तेवढंच थंड पाणी, गुठळी न ठेवता घोटायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मध्येच चाखून निराश होऊ नका. उकळतं पाणी घातलंत तर एन्झाइम मरतं आणि मग कितीही वेळ थांबलात तरी उपयोग नाही. व्हिनेगरही आधी नको, दहा मिनिटांनी घाला, मग उलट झणका जास्त टिकतो. आपल्याकडे कोशिंबिरीला मोहरी फेसतात आणि फेसता फेसता ती नाकात चढायला लागते ना, तोच प्रकार आहे हा.

लागेल तेवढीच कालवा, कारण नुसत्या पाण्यात कालवलेली काही तासांत मिळमिळीत होते. ज्यांच्या नावाने हा डबा विकला जातो ते कोलमन घराणं श्रीमंत झालं ते लोकांनी खाल्लेल्या नाही, ताटात टाकून दिलेल्या मोहरीवर, असं तिकडे पूर्वापार म्हणतात!

हे कोलमन म्हणजे जेरेमाया कोलमन, 1814 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहराजवळच्या स्टोक होली क्रॉस गावात मोहरीचा धंदा हातात घेतला. पांढरी आणि ब्राऊन अशा दोन मोहऱ्या या पावडरीत असतात आणि खरी गंमत त्या मिश्रणातच आहे, पांढरी जिभेवर जळजळते, ब्राऊन (आपली राई त्याच जातीची) सरळ नाकात जाते, एकटी कुठलीही घेतली तर काहीतरी कमी वाटतं. डब्यावरचं बैलाचं डोकं 1855 पासूनचं, 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याचं रॉयल वॉरंट, म्हणजे राजघराण्याला माल पुरवणारे म्हणून अधिकृत मान, तोही मिळाला. नॉरिचमधला त्यांचा मोठा कारखाना अलीकडे बंद झाला, पण त्या भागातले शेतकरी या डब्यासाठी मोहरी अजूनही पिकवतात, आम्हाला याचं फार बरं वाटतं.

तिकडे हे रविवारच्या रोस्ट बीफबरोबर, हॅम सँडविचमध्ये, सॉसेजबरोबर अगदी नखभर घेतात. शाकाहारी असाल तर चीज टोस्ट करून बघा, किसलेल्या चीजमध्ये पाव चमचा कालवलेली मस्टर्ड, बस्स, चीजचा जडपणा कापला जातो आणि चव उठून येते. मॅकरोनीच्या व्हाइट सॉसमध्येही छान लागते, फक्त उकळताना झणका उडून जातो आणि मागे नुसती चव राहते, त्यामुळे झणका हवा असेल तर गॅस बंद केल्यावर घाला. घरी मेयोनीज करणाऱ्यांनी चिमूटभर टाकावीच, तेल फुटायचा धोका कमी होतो.

डब्यात ओला चमचा अजिबात नको, आणि पावसाळ्यात झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, दमट हवा लागली की झणका डब्यातच संपून जातो. मोहरीची ॲलर्जी काहींना खरोखर जोरात होते, पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्या. लहान मुलांना देऊ नका.