फॉरेनला पाठवतं कोण आणि कुठल्या अटीवर

बाहेर शिकायला जायचं म्हटलं की आजकाल पहिला प्रश्न युनिव्हर्सिटी कुठली हा नसतोच, स्कॉलरशिप कुठली आणि तिला बाँड, म्हणजे शिकून झाल्यावर अमुक वर्षं नोकरी करायचा करार, आहे का हा असतो. आणि हे काही आजचं नाही. इकडची पोरंपोरी परदेशात शिकायला लागून १४० वर्षांहून जास्त झाली, तेव्हापासून पैसे देणाऱ्याची काही ना काही अट असतेच.

आनंदीबाई जोशींना तर स्कॉलरशिप वगैरे काहीच नव्हती. नवऱ्याने, गोपाळरावांनी, एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर काय तर ख्रिस्ती व्हा मग बघू. पण ते पत्र त्याने आपल्या मासिकात छापलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या तेव्हा त्यांच्या वाचनात आलं, तिथून पत्रव्यवहार सुरू झाला, त्यांच्याच आधारावर आनंदीबाई १८८३ मध्ये गेल्या, धर्म न बदलता. १८८६ ला डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, पण रुजू होण्याआधीच १८८७ मध्ये वारल्या.

मग १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी फंड काढला, जे. एन. टाटा एंडोमेंट, तो आजही चालू आहे. स्कॉलरशिप म्हणतात पण आहे ते कर्ज, कमवायला लागलं की फेडायचं म्हणजे पुढच्याला मिळतं. मला वाटतं सगळ्यात सरळ अट हीच, उपकार नाहीत आणि चाकरी पण नाही. पहिल्या मानकरी दोघी बायका होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर, दोघी डॉक्टर. कृष्णाबाईंनी पुढे त्याच कोल्हापूरच्या हॉस्पिटलात काम केलं, आजचं सीपीआर हॉस्पिटल ते. नंतर जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटा स्कॉलरशिपवर.

लंडनमध्ये बसून क्रांतिकारक शामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये फेलोशिप जाहीर केल्या त्यांची अट एकदम उलटी, परत आल्यावर इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही. सावरकर १९०६ ला शिवाजी शिष्यवृत्तीवर गेले ती याच गोतावळ्यातली, टिळकांची शिफारस होती.

आणि बाँड म्हणजे काय ते बघायचं तर बाबासाहेबांचं बघा. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले आणि बदल्यात १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतून ते लंडनला गेले, तिथे शिक्षण अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ ला परत यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर ऑफिसात शिपाई फायली लांबून टाकायचे, राहायला जागा कोणी देईना, पारशी धर्मशाळेत उतरले तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. म्हणजे अट घालणारा राजा चांगला, पण ती अट पाळू देणारं गाव नाही! मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डीएस्सी झाले, यावेळी कुठलाही बाँड नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारकडे आलं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासूनची, आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी. इथे चाकरीची अट गेली पण तिच्या जागी युनिव्हर्सिटीचं जागतिक रँकिंग आलं, उत्पन्नाचे दाखले आले, त्या दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा आल्या. ज्यांच्या घरात आधी कोणी पासपोर्टही काढलेला नाही त्यांनी हे सगळं ॲडमिशनच्या तारखा सांभाळत करायचं.

केंद्राने तर २०२२ मध्ये अजून एक भर घातली, भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांच्यावरच्या संशोधनाला ही स्कॉलरशिप मिळणार नाही. बाबासाहेबांचा कोलंबियातला एमएचा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता, आणि १९१६ मध्ये तिथल्या सेमिनारमध्ये त्यांनी वाचलेला पेपर जातीवर.