विरघळणारी गाठ

मेंदूत गाठ आणि भोवती सूज दिसली की डॉक्टरांचा हात सहसा डेक्सामेथासोनकडे जातो. हे स्टेरॉइड सूज उतरवतं. दोन-तीन दिवसांत डोकेदुखी कमी होते, पेशंट पुन्हा नीट बोलू लागतो, घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण गाठ लिम्फोमाची असेल तर स्टेरॉइड तिच्या पेशीच मारायला लागतं. कधी कधी पुढच्या स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ दिसेनाशी होते आणि बायोप्सीत निदानापुरत्या पेशीही हाती लागत नाहीत. डॉक्टर तिला ‘घोस्ट ट्यूमर’ म्हणतात. भूतच ते, कारण रोग गेलेला नसतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परततो.

म्हणून स्टेरॉइडचा पहिला डोस जाण्याआधी काढलेला एमआरआय फार मोलाचा.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मेंदूत सुरू होणारा लिम्फोमा बहुतेक वेळा बी-पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराचा असतो. त्याला मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांची कड आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पूल, कॉर्पस कॅलोसम, या जागा विशेष प्रिय. शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये उजळून दिसणारं द्रव्य, दिलं तर निरोगी मेंदू ते आत घेत नाही. गाठीपाशी मात्र रक्तवाहिन्यांचा बांध फुटलेला असतो, त्यामुळे लिम्फोमा अख्खा, एकसारखा उजळतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या दुसऱ्या कर्करोगाचा मधला भाग बऱ्याचदा कुजलेला असतो, म्हणून त्याचं फक्त कडं चमकतं.

मला सर्वांत सुंदर वाटते ती डिफ्यूजनची प्रतिमा. तिच्यात पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात ते मोजलं जातं. लिम्फोमाची पेशी रायवळ आंब्यासारखी: कोय मोठी, गर नावाला. मोठ्या केंद्रकांच्या अशा पेशी एकमेकींना खेटून बसल्या की पाण्याला हलायला जागाच उरत नाही, आणि ती जागा प्रतिमेत लख्ख पांढरी दिसते. रक्त कुठे किती आहे ते मोजणारा परफ्यूजन स्कॅन आणखी एक खूण देतो. ग्लायोब्लास्टोमा नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं विणतो, लिम्फोमा तितकं विणत नाही. त्यामुळे त्यातलं रक्ताचं प्रमाण सहसा कमी भरतं.

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तर हे आडाखे कोलमडतात. तिथे लिम्फोमाही कड्यासारखा उजळू शकतो, आणि टॉक्सोप्लाझ्मोसिस हा परजीवीचा संसर्गही तसाच दिसतो. आपल्याकडे क्षयाच्या गाठीचाही विचार करावा लागतो. अशा वेळी पेशी किती ग्लुकोज घेतात ते दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनची मदत होते: लिम्फोमा ग्लुकोज अधाशासारखा ओढतो, टॉक्सोप्लाझ्मोसिस फारसं नाही.

स्टेरॉइडने गाठ आटली म्हणजे लिम्फोमाच, असंही नाही. सार्कॉइडोसिस आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या कर्करोग नसलेल्या, दाहाच्या आजारांचे डागही आटतात. शेवटी सुईनेच तुकडा काढावा लागतो. सुई नेमकी कुठे टोचायची, हे तोच एमआरआय ठरवतो. पेशंट अगदीच बेशुद्धीकडे झुकत असेल तर स्टेरॉइड थांबवून ठेवता येत नाही. मग बायोप्सीची घाई करावी लागते.