बहिष्कार विद्यापीठावर की प्राध्यापकावर?

इस्रायलशी शैक्षणिक संबंध तोडल्याची बातमी आली की मथळा बहुधा ठरलेला असतो: ‘इस्रायली प्राध्यापकांवर बहिष्कार’. आत वाचावं तर कधी एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठाबरोबरचा करार संपवलेला असतो, तर कधी एखाद्या संशोधकाला तो इस्रायली आहे एवढ्याच कारणावरून बाहेर काढलेलं असतं. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पहिली राजकीय कृती आहे. ती पटो न पटो, तिच्यावर वाद घालता येतो. दुसरी मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. पॅलेस्टिनींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर ती सगळ्यांच्या आधी नाकारायला हवी.

विलायती कापडावरचा बहिष्कार आणि गावकीने एखादं घर वाळीत टाकणं यांत आपण जो फरक करतो, तोच इथे करायचा आहे. पहिल्याचा आपल्याला अभिमान आहे. दुसऱ्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये खास कायदा केला.

संस्थेवरचा बहिष्कार कसा असावा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जोहान्सबर्गचं आहे. तिथल्या विद्यापीठाचे बीरशेबाच्या बेन गुरियन विद्यापीठाशी जुने संबंध होते, आणि पाणीशुद्धीकरणासारख्या विषयांवर एकत्र संशोधन चालू होतं. (बीरशेबा-दिमोना भागात कोकणातून गेलेली बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू कुटुंबं राहतात, त्यामुळे हे गाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही.) सप्टेंबर २०१० मध्ये जोहान्सबर्गच्या सिनेटने अटी घातल्या: करारात पॅलेस्टिनी विद्यापीठांना सामील करून घ्या, आणि लष्कराशी संबंध येईल असं कुठलंही काम त्यात नको. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. अटी पूर्ण झाल्या नाहीत, तेव्हा मार्च २०११ मध्ये कराराचं नूतनीकरण न करण्याचा निर्णय झाला. मात्र कुणा प्राध्यापकाला वैयक्तिक पातळीवर बेन गुरियनच्या सहकाऱ्याबरोबर काम करायचं असेल, तर त्याला आडकाठी ठेवली नाही. कोणाशी संबंध तोडतोय, का तोडतोय आणि काय केलं असतं तर तोडले नसते, हे सगळं लेखी होतं. हा निर्णय चुकीचा होता असं म्हणणारे होते, आजही आहेत. पण त्यात कुणा माणसाचा पासपोर्ट तपासला गेला नाही.

आता मँचेस्टरचं २००२ सालचं प्रकरण पाहा. भाषांतरशास्त्रातल्या नामवंत अभ्यासक मोना बेकर यांनी आपल्या दोन नियतकालिकांच्या मंडळांवरून दोन इस्रायली अभ्यासकांना कमी केलं: तेल अवीवचे गिदोन तुरी आणि बार-इलान विद्यापीठाच्या मिरियम श्लेसिंजर. दोघांच्या विद्वत्तेबद्दल तक्रार नव्हती. श्लेसिंजर तर ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या इस्रायल शाखेच्या अध्यक्ष राहिलेल्या, म्हणजे स्वतःच्या सरकारला मानवी हक्कांवरून जाब विचारणाऱ्यांपैकी. आपला निर्णय राजकीय आहे, वैयक्तिक नाही, असं बेकर यांचं म्हणणं होतं. त्यावर तुरींनी कळवलं की, माझी नेमणूक अभ्यासक म्हणून झाली आणि काढलं मात्र इस्रायली म्हणून, हे जाहीर करताना स्पष्ट लिहा. त्यांच्या या एका वाक्याला मला तरी आजवर समाधानकारक उत्तर वाचायला मिळालेलं नाही. मंडळावर बसलं होतं माणूस, विद्यापीठ नव्हे. मग विद्यापीठावरचा राग काढला कुणावर?

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने संशोधनासाठी अर्ज करणाऱ्या इस्रायली विद्यार्थ्याला नकार कळवला, आणि त्या विद्यार्थ्याने इस्रायली सैन्यात काम केल्याचं कारण दिलं. ज्या देशात लष्करी सेवा सक्तीची आहे, तिथल्या तरुणाबाबत हे कारण म्हणजे जवळजवळ नागरिकत्वाचंच कारण झालं. विद्यापीठाने त्या प्राध्यापकाला दोन महिने बिनपगारी निलंबित केलं. योग्य केलं.

कागदावर ही सीमारेषा बहिष्काराच्या चळवळीलाही मान्य आहे. २००४ मध्ये वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहरात सुरू झालेल्या पॅलेस्टिनी शैक्षणिक व सांस्कृतिक बहिष्कार मोहिमेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, ओळखीवरून किंवा मतावरून व्यक्तीवर बहिष्कार नको आणि इस्रायली विद्यापीठात नोकरी असणं एवढंच कारण पुरेसं नाही. कुलगुरू किंवा अधिष्ठाता संस्थेचा प्रतिनिधी म्हणून येत असेल, तर गोष्ट वेगळी. इथवर मला पटतं. अडचण प्रत्यक्षात येते. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने विद्यार्थिनीला शिफारसपत्र देण्याचं आधी कबूल केलं. तिला एक सत्र तेल अवीवला शिकायला जायचंय हे लक्षात आल्यावर मात्र त्याने बहिष्काराचा दाखला देत नकार दिला. त्याच्या दृष्टीने हा संस्थेवरचा बहिष्कार. पण तेल अवीव विद्यापीठाचं त्यात काय अडलं? अडलं ते त्या मुलीचं. म्हणून माझी कसोटी साधी आहे: नकाराचं पत्र कुणाच्या हातात पडतं ते पाहावं. ते कुलसचिवांच्या टेबलावर जात असेल तर बोलू. विद्यार्थ्याच्या हातात पडत असेल तर त्याला संस्थात्मक म्हणू नये.

माध्यमांनी हा गोंधळ निस्तरायचा, तर ती भरच घालतात. मे २०१३ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी जेरुसलेममधल्या एका परिषदेला जायचं रद्द केलं. ही परिषद राष्ट्राध्यक्ष शिमॉन पेरेस यांच्या पुढाकाराने भरत होती. हॉकिंग यांनी पॅलेस्टिनी सहकाऱ्यांचा सल्ला मानून हा निर्णय घेतल्याची बातमी आली. मग केंब्रिज विद्यापीठाने सांगितलं की कारण प्रकृतीचं आहे, आणि काही तासांत तेच विद्यापीठ म्हणालं की नाही, पहिलीच बातमी खरी. या धावपळीत मूळ मुद्दा हरवला. हॉकिंग यांनी कुठल्या इस्रायली शास्त्रज्ञाला नाकारलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षांच्या व्यासपीठावर जायचं टाळलं होतं. तरीही एका बाजूच्या लेखणीने त्याला ज्यूद्वेष ठरवलं, तर दुसऱ्या बाजूने विज्ञानजगताने इस्रायलला वाळीत टाकल्याचा जल्लोष केला. एकाला प्रत्येक करारभंगात ज्यूद्वेष दिसायला हवा असतो, दुसऱ्याला प्रत्येक अपमानात क्रांती. आपल्याकडच्या वाहिन्या यांपैकी एक बाजू उचलतात आणि तीच चालवतात.

याचा अर्थ संस्था निष्पाप आहेत असा नाही. ‘विद्यापीठं राजकारणापलीकडची असतात’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. एरियल विद्यापीठ व्याप्त वेस्ट बँकमधल्या वसाहतीत उभं आहे आणि २०१२ मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हिब्रू विद्यापीठात सैन्यासाठी निवडक जवान घडवणारा तालपियोत कार्यक्रम चालतो. मार्च २०२४ मध्ये याच विद्यापीठाने पॅलेस्टिनी प्राध्यापिका नादेरा शालहूब-केव्होर्कियान यांना गाझातल्या युद्धाविषयीच्या त्यांच्या विधानांवरून निलंबित केलं. निलंबन काही आठवड्यांत मागे घेतलं, पण मतावरून माणसाला बाहेर काढलंच. आणि गाझात? तिथे करार मोडण्याचा प्रश्नच उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने इसरा विद्यापीठाची इमारत सुरुंग लावून उडवली. शैक्षणिक स्वातंत्र्याच्या नावाने बहिष्काराला विरोध करणाऱ्या ज्यांनी यावर तोंड उघडलं नाही, त्यांचा स्वातंत्र्याचा दावा मी गंभीरपणे घेत नाही.

अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने २००५ पासूनचा सरसकट विरोध ऑगस्ट २०२४ मध्ये सोडला आणि काही परिस्थितीत शैक्षणिक बहिष्कार समर्थनीय ठरू शकतो असं मान्य केलं. बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठाने त्याच वर्षी इस्रायली संस्थांशी असलेले संबंध तोडायचं जाहीर केलं. हे निर्णय उघड आहेत. त्यांच्यावर टीका करता येते, ते बदलूनही घेता येतात. मला जास्त काळजी वाटते ती न बोलता होणाऱ्या बहिष्काराची, ज्याबद्दल इस्रायली संशोधक ऑक्टोबर २०२३ नंतर सतत सांगत आहेत: पाठवलेल्या निबंधाला परीक्षकच मिळत नाही, परिषदेचं निमंत्रण ‘सध्या नको’ म्हणून लांबतं, वर्षानुवर्षांचा सहलेखक ईमेलला उत्तर देणं बंद करतो. इथे ठराव नसतो, अट नसते, अपील करायला जागाही नसते. त्यात वेस्ट बँकमधल्या वसाहतींविरुद्ध आयुष्यभर लिहिलेला प्राध्यापकही सापडतो आणि इस्रायली विद्यापीठात शिकवणारा अरब प्राध्यापकही, कारण संस्थेचं नाव दोघांच्या पत्त्यात तेच असतं.