सुंभ जळाला, पीळ रक्तात

गेल्या आठवड्यात एकाच सकाळी फोनवर दोन निरोप आले. पहिला जुनाच: पक्षाघात झालेल्या माणसाच्या दहाही बोटांना सुई टोचा, रक्ताचा थेंब बाहेर आला की तो उठून बसतो. दर वर्षा-दोन वर्षांनी हा निरोप पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखा उगवतो. फरक एवढाच, की अळंबी खाता तरी येतात. दुसरं एका बातमीचं कात्रण होतं: रक्ताच्या एका थेंबावरून कळणार, रुग्ण बरा होणार की नाही. पहिला निरोप सरळसरळ खोटा आहे. दुसऱ्यात खरं बरंच आहे, पण मथळा देणाऱ्यानं त्या थेंबाकडून जरा जास्तच मागून घेतलंय.

आमच्या वाड्यावरच्या भाईंना मागच्या वर्षी असाच झटका आला. जुनी माणसं म्हणतात तसं ‘अंगावरून वारं गेलं’. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. वाऱ्याचा यात काही दोष नाही. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं तुंबते, किंवा फुटते. वाहिनी मोठी असेल तर तुंबल्यावर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून १०८ला फोन आधी, बाकी सगळं नंतर. गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं, आणि सुया टोचत बसलं की ते तास तिथंच सरतात.

भाईंच्या घरच्यांनी फोन वेळेवर केला आणि दुसऱ्या दिवशी देवळात प्रसादही लावला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल मागितला. उजवी पाकळी पडली. सगळ्यांना हायसं वाटलं. (मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, तेव्हा भाईंच्या बाबतीत नेमकी कुठली पाकळी शुभ मानायची, हा प्रश्न मी मनातच ठेवला.) पण पाकळीला जे विचारलं होतं तेच वहिनी डॉक्टरांनाही विचारत होत्या: परत चालतील ना? हातानं जेवतील ना? डॉक्टर म्हणत होते, बघूया. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि हृदयाचा स्नायू दुखावल्याचं सांगतं. मग मेंदूसाठी तसं काही का नाही?

आहे. निदान तसं होऊ पाहणारं एक प्रथिन आहे. त्याचं नाव न्यूरोफिलामेंट लाइट. मला ते फार आवडतं, म्हणून त्याच्यापाशी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

चेतापेशीला एक लांब शेपटासारखा तंतू असतो, अक्षतंतू. मेंदूच्या वरच्या थरातून निघून कमरेच्या मणक्यापर्यंत जाणारा तंतू अर्ध्या मीटरहून लांब, आणि जाडीला बहुतेक वेळा केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. एवढी लांब, एवढी बारीक नळी ताठ कशी राहते? आत दोऱ्या असतात म्हणून. नारळाच्या काथ्याचा सुंभ वळताना पाहिला असेल तर ही रचना डोळ्यांपुढे येईल. प्रथिनाच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात, अशा पिळांच्या जोड्या बनतात, त्या जोड्यांचा आणखी जाड दोर होतो. हाच न्यूरोफिलामेंट. त्यात हलकी, मध्यम आणि जड अशा तीन प्रकारच्या साखळ्या मुख्य असतात. मध्यम आणि जड साखळ्यांची टोकं बाटली घासायच्या ब्रशासारखी बाहेर आलेली असतात आणि शेजारच्या दोराला अंतरावर ठेवतात. हलकी साखळी दोराच्या गाभ्यात असते; तीच आपली ‘लाइट’.

हे दोर नुसते टेकू नाहीत. अक्षतंतू किती जाड व्हायचा ते यांच्यावर ठरतं, आणि जाड तंतूतून संदेश वेगानं जातो. जपानमध्ये लावा पक्ष्यांची एक जात सापडली, तिच्यात हलकी साखळी बनतच नाही. त्या पक्ष्यांचे अक्षतंतू बारीक राहतात आणि पक्षी सारखे थरथरत असतात. दुसरी गंमत म्हणजे हा माल पेशीच्या मुख्य भागात तयार होतो आणि तिथून तंतूत सरकतो तो दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे मेंदूतून निघालेल्या साखळीला कमरेशी पोचायला दीड-दोन वर्षं लागायची! इतक्या सावकाश येणारी वस्तू टिकाऊच असावी लागते, आणि ती आहेच.

आता झटका येतो. रक्त थांबतं, पेशीतल्या विद्युतभाराचं गणित कोसळतं, कॅल्शियम आत घुसतं. त्यानं कॅल्पेन नावाचं विकर जागं होतं आणि दोर कापायला लागतं. तंतू एका जागी तुटला तरी पुढचा सगळा भाग हळूहळू विरघळत जातो. हे ऑगस्टस वॉलर यानं १८५० साली बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून दाखवलं होतं. तुटलेल्या दोरांचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतात, तिथून थोडे रक्तात झिरपतात. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण इतकी अक्षरशः खरी ठरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ही पडझड सावकाश चालते, म्हणून पहिल्या दिवशी रक्तात फारसं काही दिसत नाही. पातळी दिवसेंदिवस चढते, दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठते आणि मग कित्येक महिने वरच रेंगाळते.

पण हे मोजायचं कसं? धडधाकट मध्यमवयीन माणसाच्या रक्तद्रवात हे प्रथिन मिलिलिटरला साधारण १० पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. गोव्यातलं साळावली धरण भरून वाहू लागलं की त्यात सुमारे २३ कोटी घनमीटर पाणी असतं. त्यात अडीच किलोपेक्षाही कमी मीठ टाका आणि ढवळा. झालं तेच प्रमाण. ते मीठ जिभेला लागणार नाही, आणि जुन्या पद्धतीच्या रक्तचाचण्यांनाही लागत नव्हतं. त्या चाचण्यांत अँटिबॉडी प्रथिनाला पकडते, रंग तयार होतो, पण तो सगळ्या द्रवात पसरून फिका पडतो.

२०१०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर एक साधी पण फार हुशार युक्ती प्रसिद्ध केली. अँटिबॉडी लावलेले सूक्ष्म चुंबकीय मणी रक्ताच्या नमुन्यात सोडायचे. मणी लाखो, शोधायचे रेणू त्यामानानं थोडे, त्यामुळे एका मण्याला फार तर एखादाच रेणू लागतो. मग प्रत्येक मणी त्याच्यापुरत्याच एका खळग्यात बसवायचा. खळगा इतका लहान, की एका रेणूनं तयार केलेला उजेडसुद्धा त्यात भरून दिसावा. आता रंग किती गडद ते बघायचंच नाही; किती खळगे उजळले तेवढं मोजायचं. मंगेशीची दीपमाळ दुरून बघताना एकूण प्रकाश किती ते सांगणं कठीण, पण पेटलेल्या पणत्या मोजणं सोपं, तसंच हे.

यातून हाती काय लागलं? पहिल्या आठवड्यात न्यूरोफिलामेंटची पातळी जितकी वर, तितका मेंदूचा मेलेला भाग मोठा आणि तीन महिन्यांनंतरचं अपंगत्व सरासरीनं जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. यातला ‘सरासरीनं’ हा शब्द बातमीच्या मथळ्यात मावला नाही. शंभर रुग्णांचा गट सांगता येणं वेगळं आणि खाटेवरचे भाई सांगता येणं वेगळं.

याचं कारण साधं आहे. रक्त सांगतं किती तुटलं. कुठं तुटलं ते सांगत नाही. मेंदूच्या खोल भागात एक अरुंद खिंड आहे, हालचालीचे आदेश नेणारे तंतू तिथून दाटीवाटीनं उतरतात. खिंडीत वाटाण्याएवढा भाग मेला तरी अर्धं अंग लुळं पडतं. दुसरीकडे लिंबाएवढा भाग जाऊनही माणूस चालत घरी जाऊ शकतो. रक्तात मात्र लिंबाचा आकडा मोठा आणि वाटाण्याचा लहान. हृदयाचं तसं नसतं, तिथं स्नायूच्या प्रत्येक तुकड्याचं काम थोड्याफार फरकानं एकच. मेंदूत पत्त्याला महत्त्व आहे.

शिवाय हे दोर हातापायांच्या नसांतही असतात. वय वाढेल तसा आकडा आपोआप चढतो, मूत्रपिंड मंदावलं की चढतो, मधुमेहानं नसा झिजल्या तरी चढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के. तेव्हा आपल्याकडच्या सत्तरीतल्या मधुमेही माणसाचा वाढलेला आकडा झटक्याचा किती आणि साखरेचा किती, हे ठरवताना घाम फुटेल.

इतर खुणाही तपासल्या जातात. जीएफएपी हे प्रथिन चेतापेशींचं नव्हे, त्यांना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींचं. वाहिनी फुटली तर ते काही तासांत उसळतं, गुठळी असेल तर उशिरा, म्हणून ‘तुंबलंय की फुटलंय’ हे ओळखायला त्याचा उपयोग होईल असं दिसतंय. कोपेप्टिन हे ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या एका संप्रेरकाबरोबर बाहेर पडणारं भावंड. ते मेंदूचं नव्हे, सगळ्या शरीराला बसलेल्या धक्क्याचं माप देतं. वय आणि लक्षणांच्या जोडीला अशा खुणा घेतल्या तर अंदाज थोडा सुधारतो.

आणखी एक धोका आहे. पहिल्याच दिवशी कुणी वाईट आकडा हाती दिला, तर घरचे खचतात, व्यायाम ढिला पडतो, आणि भाकीत स्वतःला खरं करून दाखवतं. मेंदूतल्या रक्तस्रावाबाबतच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना याच भीतीनं सांगतात, की निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत उपचार आवरते घेण्याचा नवा निर्णय पुढे ढकला.

सगळ्यांत गंमत वाटते ती एका फुकटच्या चाचणीची. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की झटक्यानंतर दुसऱ्या दिवशी ज्याला बोटं थोडी तरी उघडता येतात आणि दंड बाजूला उचलता येतो, त्याच्या हातात सहा महिन्यांनी काहीतरी कसब परतण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के. मूठ मिटणं मेंदूला आडवाटेनंही जमतं, पण बोटं उघडायला त्या खिंडीतलेच तंतू लागतात. म्हणजे रक्त जो पत्ता सांगत नाही, तो बोट सांगतं.

भाईंकडे दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली आणि म्हणाली, ‘भाई, मूठ उघडा बघू.’ बराच वेळ काही झालं नाही. मग करंगळी हलली, तिच्याशेजारचं बोट इंचभर उचललं गेलं. मुलगीच तेवढी हसली. वहिनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या, आणि एका आकड्यापुढचा वर गेलेला बाण मला दाखवून विचारत होत्या, हा कशाचा?